वारं काय म्हणतंय?

“बेस, वारं काय म्हणतंय?”

जीपच्या पुढच्या सीटवर बसलेल्या गीताबाईंनी मांडीवरचा मोबाईल पदराच्या सावलीत घेतला. नकाशावरचा निळा ठिपका बोरीच्या डोक्यावर बसला होता. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं.

“अहो, वारं बोरीकडून आहे.”

“बरं,” वरून उत्तर आलं आणि रेडिओ खरखरून गप्प झाला.

जीप जिंतूर सोडून चारठाण्याच्या रस्त्याला लागली होती. मागं जोडलेला लांबलचक ट्रेलर खड्ड्याखड्ड्यात दणके खात येत होता. ग्लायडर कुठं रानात उतरलंच तर त्याचे पंख सोडवून त्याला घरी आणायचं, त्यासाठी तो ट्रेलर. चालवणारा बालाजी क्लबाचा जुना ड्रायव्हर. गीताबाईंचा ‘अहो’ ऐकला की त्याला हसू यायचंच. रेडिओवर खालच्या गाडीला ‘बेस’ म्हणत आणि बाकीच्या ग्लायडरांना नंबरानं हाक मारत. सूर्यभान सरांच्या ग्लायडरला मात्र त्यांची बायको ‘अहो’ म्हणे, आणि तेच आता सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. परभणीच्या माळावरच्या धावपट्टीवर विंच चालवणारी पोरंसुद्धा आपसांत ‘अहो उडाले’, ‘अहो उतरायलेत’ असंच बोलायची.

“काकू, एक इचारू का?” बालाजी म्हणाला. “वारं तर मावळतीचं सुटलंय. बगा ना, धुरळा कसा पाठीमागं जायलाय. बोरी ऱ्हायली तिकडं उगवतीला. तुमाला बोरीचं वारं कुटून कळतंय?”

“वरचं वारं निराळं असतं,” गीताबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तोंडातून शब्द गेला आणि जीभ कडू झाली. चैत्र पौर्णिमा होती. सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जाऊन त्यांनी अष्टशील घेतलं होतं. पंचशील तर रोजचंच, पण पौर्णिमेला आठ. दुपारनंतर अन्न नाही, अंगावर फूल-अत्तर नाही, आणि चौथं, जे रोजही म्हणायचं आणि पौर्णिमेलाही म्हणायचं, खोटं बोलणार नाही. हात जोडून म्हटलेलं अजून ओठांवर ओलं होतं, आणि दुपार कलायच्या आत पाच-सहा वेळा तर ते मोडून झालं होतं.

कारण ते वारं वारं नव्हतंच.

सूर्यभान सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर. इंजिन नसलेलं विमान. विंचेनं दोर ओढून वर सोडायचं, मग घारीसारखं गरम हवेत घिरट्या घालत चढायचं आणि पुढं घसरत जायचं. असं गावोगाव ओलांडत दूर जायचं तर वाट माहीत पाहिजे. सरांची वाट खालची असे. ही दुधना, हा रेल्वेचा रूळ, हे झरीचं तळं, हा जिंतूरचा डोंगर. “यंत्र झोपलं की तुमी बी झोपले,” ते पोरांना म्हणत. “रान कदी झोपत न्हाई.” पोरांना ते पटायचं. सरांसारखं खालचं रान वाचणारं क्लबात कुणी नाही, असं नव्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सरांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. कडा दिसत, मधलं पुसलेलं. “तुझं तोंड सोडून तुझे दोन्ही कान दिसायलेत मला,” ते गीताबाईंना हसून म्हणाले होते. त्या हसल्या नव्हत्या. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवायचं, गेलेलं येत नाही. घरी येताना सर रिक्षात एवढंच म्हणाले, “क्लबात न्हाई सांगायचं.”

मग त्यांनीच युक्ती काढली. ग्लायडर कुठं आहे ते दाखवणारा ठिपका क्लबानं सगळ्यांच्या मोबाईलवर दिला होताच. गीताबाईंनी तो बघायचा. सरांनी विचारायचं, ‘वारं काय म्हणतंय?’ बाईंनी ठिपक्याखालच्या गावाचं नाव घ्यायचं. ‘वारं दुधनेकडून’ म्हणजे तुम्ही दुधनेवर आलात. ‘वारं बोरीकडून’ म्हणजे खाली बोरी. बाकीच्यांच्या कानाला ती हवापाण्याची गोष्ट. वर सर पुढच्या सीटवरच्या विद्यार्थ्याला म्हणत, “बग, डाव्या पंखाखाली बोरी दिसती का? दिसती ना? हां.” पोरगं चकित. ज्या यंत्राला सर नावं ठेवत, त्याच्याच जिवावर सर उडत होते; आणि नजर जसजशी पुसत गेली, तसतसं त्यांचं यंत्राला नावं ठेवणं वाढत गेलं. हे फक्त गीताबाईंच्या लक्षात आलं होतं. नवऱ्याचं असं काही लक्षात आलं की बाईमाणसाला ते ठेवायला जागा नसते.

आज सकाळी धावपट्टीवर त्यांनी सरांना बाजूला घेतलं होतं.

“आज नका विचारू मला. पौर्णिमा आहे.”

“वारंच तर सांगायचं,” सर म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे ते वारं नाही.”

“जूनमधी क्लबात सगळ्यांचे डोळे तपासणार हायेत. मंग संपलंच ना सगळं. एवढा उन्हाळा जाऊ दे, गीता.”

“आणि ती पोरगी?”

भक्ती तिकडं ग्लायडरचं काचेचं झाकण पुसत होती. कॉलेजात शिकणारी, बोलकी, धीट. तिची आज पहिली लांबची फेरी, परभणी ते चारठाणा आणि परत. सरांनी तिच्या समोरचं जीपीएस बंद करून त्यावर स्वतःचा रुमाल बांधला होता. आज डोळ्यानं शिक म्हणाले. ती म्हणाली, हो सर. एवढ्या विश्वासानं म्हणाली की गीताबाईंना तिथं उभं राहवेना. त्या जाऊन जीपमध्ये बसल्या.

तेव्हापासून जी तगमग लागली होती ती बोरी आलं, जिंतूर आलं, तरी थांबायचं नाव घेत नव्हती. बालाजीनं चिवड्याचा पुडा पुढं केला.

“घ्या की काकू, दोन दाणे.”

“नको रे, आज नाही.”

“आमची आई बी असेच उपास धरती. आन मंग दिवसभर आमच्यावर खेकसती.” तो पुन्हा रस्त्याकडं वळला. “तुमी तरी गपगार ऱ्हाता.”

त्यांनी मोबाईल बघितला. ठिपका बोरीवर. तसं त्यात नवल नव्हतं. उंची घ्यायला ग्लायडर एका जागी घिरट्या घालत राही, तेव्हा ठिपकाही हलत नसे. पण किती वेळ? मघाशी सरांनी विचारलं तेव्हाही बोरी, त्याच्या आधीही बोरी. त्यांनी बोटानं पडदा खाली ओढला. मधोमध एक गोल फिरू लागला, फिरतच राहिला.

रस्त्याकडेच्या मारुतीच्या देवळात जयंतीचा भोंगा चालू होता. नवी भगवी पताका ताडताड उडत होती. देवळाच्या पुढच्या वळणावर बालाजीनं जीप हळू केली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“काकू, मला वाटलं सर अजून मागंच हायेत. सर तर आपल्या पुढं हायेत की!”

“कुठं?”

“ते काय, चारठाण्याच्या आंगाला. डोंगराच्या कडंला. पांढरं. आन लय खाली आलंय.”

गीताबाईंनी डोळ्यांवर हात आडवा धरला. आभाळ धुरकट पांढरं होतं, आणि त्यात पांढऱ्याचाच एक बारीक काप चमकला, वळला, दिसेनासा झाला. त्यांनी मोबाईलच्या वरच्या कोपऱ्याकडं बघितलं. रेंज नव्हती. जिंतूर सुटल्यापासून नसणार. ठिपका बोरीला थांबला नव्हता, बोरीला मेला होता. आणि त्या मेलेल्या ठिपक्याकडं बघून त्या नवऱ्याला सांगत राहिल्या, बोरी, बोरी, बोरी. तिकडं सर समजले असतील, अजून बोरीच आहे, पुढं रेटायला हरकत नाही. बोरीभोवती सपाट रान, भरपूर गरम हवा. इथं डोंगराच्या आडोशाला हवा पडलेली.

त्यांचा हात बटणाकडं गेला, तेवढ्यात रेडिओच बोलला. भक्तीचा आवाज. धीट पोरीचा आवाज बारीक झाला होता.

“बेस, आमी खाली येऊ लागलोत. चढती हवा सापडंना झालीय. सर म्हणायलेत, उतरायला रान बघ. काकू, तुमी मघापासून वारं बोरीकडून सांगायलात, म्हणजे उगवतीचं. मी उगवतीकडं तोंड करून उतरायले. बरोबर हाय ना?”

ग्लायडर वाऱ्याला तोंड देऊनच उतरवायचं असतं, हे एवढ्या वर्षांत गीताबाईंना ठाऊक झालं होतं. वारं पाठीशी घेतलं की ते थांबत नाही. रान संपतं, बांध येतो, झाड येतं, तरी धावतच राहतं. त्यांनी मागं वळून बघितलं. मारुतीची पताका मावळतीच्या वाऱ्यानं बोरीच्या दिशेला ताणली होती.

आता ह्यांनी बोलावं. बोलावं सरांनी. ‘भक्ती, थांब, वारं मी सांगतो’ एवढं म्हणावं. गीताबाई रेडिओकडं बघत राहिल्या. सरांना माहीत होतं की ते वारं नव्हे. जगात फक्त दोघांना माहीत होतं.

वरून काही आवाज आला नाही.

“काकू?” भक्ती म्हणाली. “ऐकायलात ना?”

गीताबाईंनी बटण दाबलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

“भक्ती, बाळा, नीट ऐक. ते वारं नव्हतं. मी तुमची जागा सांगत होते मोबाईलवर बघून. ह्यांना मधलं दिसत नाही, दोन वर्षं झाली. मोबाईल बंद पडलाय, ते मला कळलं नाही. बोरी मागं राहिली, तुम्ही चारठाण्याजवळ आहात. खरं वारं मावळतीचं आहे, इथली पताका बघून सांगते. मावळतीकडं तोंड कर. आणि तो रुमाल सोड, यंत्र चालू कर. रान तू बघ. विजेच्या तारा तू बघ. ह्यांच्यावर सोडू नको.”

बालाजीचा पाय ब्रेकवर पडला. जीप रस्त्यात उभी राहिली, ट्रेलर मागून धडकल्यासारखा दणकला. त्या रेडिओवर सगळा क्लब असे. धावपट्टीवरची पोरं, विंचवाला, परभणीवर घिरट्या घालणारी दुसरी दोन ग्लायडरं.

मग सरांचा आवाज आला; वरचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. वर्गात फळ्याकडं वळून बोलत तसा.

“भक्ती, यंत्राच्या नादाला आता नको लागू, चालू व्हायला येळ लागतो. खाली बग. मावळतीकडं तोंड करून लांब रान कोणतं हाय?”

“सर, एक हाय. काळं. पीक काढलेलं दिसायलंय.”

“कडंला खांब?”

“एक... दोन हायेत. पण तार नाहीये सर, तार दिसंना.”

“खांब हाय म्हणजे तार हाय. दिसो न दिसो. त्याच्या अल्याड न्हाई, पल्याड उतरायचं. चालवायची दांडी माझ्याकडं. तू फक्त बोल. किती उंच हाये आपण खांबाच्या, ते सांगत ऱ्हा. बोल.”

“सर, लय...”

आणि ग्लायडर बांधाआड गेलं तसा रेडिओही गेला.

“चल,” गीताबाई म्हणाल्या. बालाजी नुसता त्यांच्याकडं बघत होता. “अरे चल ना!”

त्यांना कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. बालाजीनं जीप अशी काढली की ट्रेलरच्या साखळ्या कडाडल्या. डांबरी सुटली, गाडीवाट लागली, मग गाडीवाटेलाही दोन फाटे फुटले. गीताबाईंच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर अजून बोरी होती. त्यांनी तो सीटवर पालथा टाकला.

फाट्यावर एक बाई शेळ्या गोळा करत होती. एक करडू काखेत, एक लेकुरवाळी शेळी काठीनं अडवलेली.

“मावशी, इमान बगितलं का?” बालाजी ओरडला.

“बगितलं का म्हंजी? माझ्या शेळ्या उधळल्या की त्यानं! पंखा न्हाई, आवाज न्हाई. चोरावानी आलं अन डोस्क्यावरून गेलं.”

“पडलं का उतरलं?” गीताबाईंनी विचारलं.

“ते त्यालाच इचारा. आदळल्याचा तर आवाज न्हाई आला.” बाईनं त्यांच्या पांढऱ्या लुगड्याकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि तिचा सूर उतरला. “माय, तुजं कोन हाय का त्याच्यात? न्हाई गं, धडधाकट हायेत. एक पोरगी निगाली आतून. अन एक म्हातारं.”

“चालत आले का ते?”

“चालत की. पोरीच्या खांद्याला धरून. चला, मी दावते. दगडाबाई म्हंत्यात मला. रान माज्या दिराचं हाय.” आणि करडासकट ती जीपमध्ये चढून बसली.

कुणाच्या खांद्याला धरून. दोन वर्षांत सरांनी घरच्या उंबऱ्यावरसुद्धा कुणाचा खांदा धरला नव्हता. गीताबाई करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

हरभरा काढलेल्या काळ्या रानात ग्लायडर एक पंख टेकून बसलं होतं, दमलेल्या बगळ्यासारखं. चाकानं ढेकळं फोडत आलेली रेघ तारेच्या पलीकडून सुरू होत होती आणि बांधाच्या बरीच अलीकडं संपत होती. गावातली दहापाच माणसं जमली होती. भक्ती त्यांच्यातून वाट काढत आली. गीताबाईंना वाटलं, आता ही गळ्यात पडेल. ती हातभर अंतरावर थांबली.

“काकू, तुमी मला आधी सांगायला पाहिजे होतं.”

“हो.”

“सकाळीच सांगायला पाहिजे होतं. मी नसते बसले. न्हाईतर बसले असते, पण मला माहीत पाहिजे होतं ना?”

“हो, पाहिजे होतं.”

एवढं सरळ उत्तर आल्यावर पोरीला पुढं भांडायला काही उरलं नाही. “तार खरंच होती,” ती म्हणाली. “खाली आल्यावर दिसली. सरांना दिसली न्हाई, मलाबी दिसली न्हाई, तरी सरांनी तिच्यावरून नेलं.” आणि मग तिनं गीताबाईंच्या पदरानंच डोळे पुसले.

सर बाभळीखाली बांधावर बसले होते. पायातले बूट धुळीनं माखलेले. गीताबाई शेजारी जाऊन बसल्या. दोघं ग्लायडरकडं तोंड करून होते.

“मी सांगणारच होतो,” सर म्हणाले.

“कधी?”

सरांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं. “बटणावर बोट होतं माझं. शब्द फुटंना झाला.” चुरा खाली पडला. “सगळ्यांनी ऐकलं असंल.”

“हो.”

“विंचेवरच्या पोरांनी बी.”

“हो.”

“पौर्णिमा हाय न आज,” सर म्हणाले. “मंग तू दुसरं काय बोलणार.”

हा राग होता की सुटका, हे त्यांच्या आवाजावरून गीताबाईंना कळलं नाही. “पौर्णिमा नसती तरी बोलले असते,” त्या म्हणाल्या. खरंच बोलले असते का? दोन उन्हाळ्यांत किती पौर्णिमा येऊन गेल्या होत्या.

दगडाबाईनं कुठूनतरी तांब्याभर पाणी आणलं. सरांना दिलं, गीताबाईंना दिलं, मग कमरेवर हात ठेवून ग्लायडरभोवती एक फेरी मारून आली.

“पंख्याशिवाय कसं उडतंय ओ हे?”

“घारीला कुटं पंखा असतो?” सर म्हणाले.

“ते बी खरं. पर घारीत माणसं बसत न्हाईत.” लोक हसले. दगडाबाईला जोर चढला. “मंग ह्याच्यात पायलट कोन?”

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. पांढरे केस, उन्हानं रापलेला चेहरा, छातीवर क्लबाचा बिल्ला. बालाजी ट्रेलरचं कुलूप काढता काढता थांबला. भक्तीनं खाली बघितलं.

“ही पोरगी,” सर म्हणाले.

“अगं माय! अन तुमी?”

“मी मागं बसलो होतो.”

“मागं बसून भ्या न्हाई वाटलं?”

“वाटलं की,” सर म्हणाले. “लय वाटलं.”

ऊन तिरपं झालं. पंख सोडवायची वेळ आली. मधल्या खिळा काढल्या की पंख धडापासून सुटतो. मुळाशी तो जड असतो, तिथं तीन-चार गडी लागतात. टोकाला मात्र एकच माणूस पुरतो, आणि ते काम नेहमी क्लबात नव्यानं आलेल्याला देतात, कारण तिथं डोकं चालवायचं नसतं. मुळाशी जो उभा असेल तो सांगेल तसं फक्त वर-खाली करायचं.

बालाजी आणि गावातले तिघं मुळाशी लागले. भक्तीनं खिळा सोडल्या आणि ती टोकाकडं कुणाला धाडावं म्हणून इकडंतिकडं बघू लागली. सर उठले. विमानाच्या कडेवर हात ठेवून, मग पंखाच्या कडेवर हात सरकवत सरकवत ते रानातून त्याच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं थांबले आणि टोक दोन्ही तळव्यांवर घेतलं.

भक्तीनं त्यांच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाली, “सर, थोडं वर.”

सरांनी वर केलं.

“अजून. अजून थोडं. हां, बस. आता चला, सरळ. डाव्या पायाला ढेकूळ हाय.”

त्यांनी डावा पाय उंच टाकला. तो लांब पांढरा पंख काळ्या रानावरून हळूहळू ट्रेलरकडं निघाला. मुळाशी चौघं, आणि पार शेवटी, त्यांच्यापासून दूर, एकटे सर. गीताबाईंनी ट्रेलरचं दार धरून ठेवलं होतं. ते वाऱ्यानं मिटायला बघत होतं.

“उजवीकडं सर,” भक्तीचा आवाज आला. “अजून. येऊ द्या. येऊ द्या.”